मोकळा माणूस

भवानीनगरच्या शिवारात माझ्या मावशीचा ऊस आहे. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची होती. मावसभाऊ दारं धरायला निघाला, तसा मीही त्याच्याबरोबर गेलो. नोव्हेंबरची थंडी, पायात गमबूट, हातात बॅटरी, खांद्यावर खोरं. मोटर सुरू झाली, दांडाला पाणी लागलं, आणि पहिल्या सऱ्या भरायला अजून वेळ आहे असं बघून त्यानं खिशातून मोबाइल काढला. बांधावरच्या दगडाला तो टेकवून ठेवला. रात्रीचा दीड वाजला होता. तिकडे लंडनमध्ये आर्सेनलचा चॅम्पियन्स लीगचा सामना सुरू होत होता.

तळहाताएवढ्या पडद्यावर चेंडू म्हणजे एक पांढरा ठिपका. माझी नजर त्या ठिपक्यामागे धावत होती. भाऊ म्हणाला, "दादा, बॉल बघू नको. बॉल दिसतोच. त्यांचा पुढचा गडी बघ, कसा पळतोय ते."

समोरच्या संघाचा तो पुढचा गडी सरळ चेंडूवर जात नव्हता. तो वळसा घेऊन, कमानीसारखा पळत येत होता. भावानं खोरं उलटं धरलं आणि दांड्यानं ओल्या मातीत रेघा ओढल्या. हा आपला कीपर, हे दोन मधले बॅक, हा त्यांचा गडी. त्याच्या पळण्याची रेघ वाकडी काढली आणि तिच्या आतल्या अंगाला एक टिंब दिलं. "हा आपला मधला. ह्याला पास मिळू द्यायचा नाही, म्हणून तो असा वाकडा आला. आता आपला बॅक काय करणार? ह्या अंगाला जाणार. त्यांना तेच पाहिजे. मुद्दाम जाऊ देतायत."

चेंडू त्या अंगाला गेला. रेघेच्या कडेला पोचतो न पोचतो तोच तिघं चौघं त्याच्यावर आले, आणि चेंडू मैदानाबाहेर. भावानं जीभ टाळ्याला लावून च्च केलं आणि तो उठला. सरी भरली होती. पुढच्या सरीचं तोंड त्यानं खोऱ्यानं फोडलं, मागचं दोन खोरी माती ओढून बुजवलं. पाणी क्षणभर थबकलं, फुगलं, आणि नव्या वाटेनं निघालं. प्रेसिंग म्हणजे काय ते मला तेव्हा उलगडलं. पाण्याला कुणी हाताला धरून नेत नाही. बाकीची तोंडं बुजवायची, एक उघडं ठेवायचं, की ते आपल्याला हवं तिकडंच जातं. चेंडू पायात असलेल्या संघाला वाटत असतं की आपण आपल्या मर्जीनं चाललोय. आणि बांध कुठं कच्चा राहिला असेल तर पाणी तिथूनच फुटतं, मग सगळी रात्र तिथं माती ओढण्यात जाते. दाबणाऱ्या संघाची भीतीही तीच असते.

भाऊ परत येऊन बसला आणि त्यानं जे सांगितलं ते तेव्हापासून माझ्या डोक्यात घर करून आहे. दाबायला येणारा संघ कितीही पुढे आला तरी त्यांचा कीपर त्यांच्या गोलातच राहतो. म्हणजे दाबणारे दहा. आपल्याकडं मात्र चेंडू कीपरपासून निघतो, म्हणजे आपण अकरा. "कुठंतरी एक जण मोकळा असतोच, दादा. असायलाच पाहिजे. तो कुठाय एवढंच हुडकायचं."

ज्यानं शाळेत असताना कबड्डीशिवाय दुसरा खेळ खेळला नाही, बूट घालून चेंडूला लाथ मारल्याची ज्याची एकही आठवण नाही, तो मध्यरात्री उसात बसून दहा आणि अकरा यांचा हिशेब मांडतो याचं मला तेव्हा नवल वाटलं. आता तसं वाटत नाही. आमच्याकडे बारामतीत आणि इंदापुरात अशी पोरं पुष्कळ आहेत.

त्यातली काही सकाळी बारामतीत भिगवण चौकाच्या बाजूला एका टपरीवर जमतात. कुणी इंजिनिअरिंगला, कुणी मोबाइलच्या दुकानात, एक जण शाळेत गणित शिकवणारा, दोघं एमआयडीसीत पाळीला जाणारे. सामना रात्री झालेला असतो, डोळे तांबारलेले असतात, आणि पहिला चहा येण्याआधीच कुणीतरी विषयाला हात घालतो.

"काय लका, कीपरनं लांब मारायचा ना सरळ!"

"लांब मारून मिळाला कुणाला? त्यांच्याच उंच गड्याला."

"मग घाला गोल घरात, पास देऊन देऊन."

"अरे, पण डावा बॅक आत आला होता की! तो मोकळा होता. सहा नंबरचा पास तिकडं गेला असता तर पुढं सगळं रान मोकळं."

या बोलण्यात आवाज चढतात, पण खेळाडूला शिव्या फार क्वचित पडतात, हे मी बघत आलोय. चूक कुणाच्या पायानं झाली यापेक्षा ती कुठून सुरू झाली, हे शोधण्यात त्यांना जास्त रस. गोल खाल्ला तो क्षण ते फार बोलत नाहीत. त्याच्या आधीच्या अर्ध्या मिनिटाकडे जातात, मग त्याच्याही आधी. उजवा विंगर परत फिरायला दोन पावलं उशीर झाला, म्हणून बॅकला बाहेर यावं लागलं, म्हणून मधे फट पडली, म्हणून त्यांचा गडी फिरू शकला. गणिताचा सर ही साखळी उलटी मोजत जातो आणि शेवटी अशा जागी येतो जिथं पडद्यावर काहीही घडत नव्हतं. सगळ्यांना पटलं की टपरीवर थोडा वेळ शांतता होते. मग दुसरा चहा.

एक साधा हिशेब आहे. सामना नव्वद मिनिटांचा. थ्रो, फाउल, दुखापती वजा जाता चेंडू खेळात असतो तो साधारण पंचावन्न ते साठ मिनिटं. मैदानात बावीस जण. म्हणजे एकेकाच्या वाट्याला चेंडू येतो तो सरासरी दोन-तीन मिनिटं. बाकीचा सगळा वेळ तो चेंडूविना असतो. चालतो, पळतो, मागे बघतो, कुणाला तरी अडवतो, कुणासाठी तरी जागा करून देतो. आपण मात्र जन्मभर त्या दोन-तीन मिनिटांनाच खेळ म्हणत आलेलो असतो. टपरीवरच्या या पोरांनी माझी नजर त्या उरलेल्या वेळाकडे वळवली.

खेळाच्या कायद्यातले बदलही मला त्यांच्याकडूनच कळले. १९९२ पर्यंत बॅकनं पायानं मागे दिलेला चेंडू कीपर हातात उचलू शकत असे. अडचण आली की मागे द्या, कीपर उचलेल, वेळ जाईल. त्या वर्षी ते बंद झालं आणि गोलात उभ्या असणाऱ्या माणसाला पायानं खेळायला शिकावं लागलं. २०१९ मध्ये गोलकिकचा नियम बदलला. तोवर गोलकिक पेनल्टी बॉक्सच्या बाहेर गेल्याशिवाय आपल्या गड्यानं चेंडूला पाय लावायचा नाही, असं होतं. नव्या नियमानं तो बॉक्सच्या आतच घेता येऊ लागला. एवढ्याशा बदलानं आपल्या गोलासमोर, सगळ्यात धोक्याच्या जागी, नवं अंगण तयार झालं. कीपर दोन पावलांवरच्या बॅकला चेंडू देतो, समोरचे गडी तुटून पडायला टपलेले, आणि प्रेक्षकांच्या पोटात गोळा. एवढा धोका पत्करायचा तो त्यांना पुढे ओढून त्यांच्या मागची जागा मोकळी करण्यासाठी. धोका हाच गळ. हे एकदा कळलं की मागच्या मागे चाललेले ते कंटाळवाणे पास कंटाळवाणे उरत नाहीत. प्रत्येक पास म्हणजे समोरच्याला विचारलेला प्रश्न होतो: येतोस का? अजून थोडा ये.

एमआयडीसीतल्या पोरांमुळे बोलणं कधीकधी इटलीकडे वळतं. बारामतीत दोन इटालियन कंपन्यांचे कारखाने आहेत. पियाजिओची आपे रिक्षा इथं तयार होते आणि फेरेरोचं चॉकलेटही. इथल्या कितीतरी घरांत इटलीतल्या माणसांबरोबर काम केलेलं कुणी ना कुणी सापडतं. त्या देशाचं नाव निघालं की मला आरिगो साक्की आठवतो. वडिलांच्या चपला-बुटांच्या धंद्यात काम केलेला, व्यावसायिक खेळाडू म्हणून कधीही न खेळलेला हा माणूस १९८७ साली एसी मिलानचा प्रशिक्षक झाला. ज्यानं खेळून दाखवलं नाही तो काय शिकवणार, असं म्हणणारे तिथंही भरपूर होते. त्यानं संघाची सगळ्यात मागची ओळ आणि सगळ्यात पुढची ओळ यांत पंचवीस मीटरच्या आसपास अंतर ठेवायला लावलं, म्हणजे समोरच्याला श्वास घ्यायला जागाच उरू नये. आणि सरावात तो संघाला चेंडूशिवाय खेळायला लावायचा. मैदानावर अकरा जण, चेंडू नाही. तो सांगायचा की आता चेंडू इथं आहे असं समजा, आणि सगळा संघ त्या नसलेल्या चेंडूच्या हिशेबानं सरकायचा. १९८९ आणि १९९० अशी लागोपाठ दोन वर्षं त्याच्या संघानं युरोपियन चषक जिंकला. त्यातल्या पहिल्या अंतिम सामन्यात स्टेआवा बुखारेस्टवर चार गोल चढवले. नसलेल्या चेंडूभोवती सरकणारी ती माणसं मी मनात पुष्कळदा बघतो. ज्यानं खेळ बाहेरून, कडेला उभं राहून बघितला, त्याला तो असा दिसला. कडेला उभं राहण्यातही काही मिळकत असते.

कडेला उभं राहून खेळ वाचणं आमच्या भागाला नवीन नाही. चैत्रात गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की कुस्त्यांचे फड लागतात. हलगी कडाडते, गुलाल उडतो, निकाली कुस्ती लागली की पोरं उड्या मारतात. पण फडाच्या कडेला पटका बांधलेले काही म्हातारे असतात, ते उड्या मारत नाहीत. लहानपणी मी आजोबांबरोबर अशांच्या रांगेत बसायचो. सगळ्या फडाची नजर पैलवानांच्या हातांवर असायची आणि या म्हाताऱ्यांची पायांवर. खडाखडी चालू असताना एखादा हळूच म्हणायचा, "तांबड्या लांगेवाल्याचा उजवा पाय जड झालाय. आता पट निघतोय त्याचा." थोड्या वेळानं पट निघायचाच. पैलवान खाली गेला, ताबा बसला, की पुन्हा ते बोलायचे: हा आता घिस्सा मारणार, कारण वरच्यानं गुडघा पुढं घेतलाय. त्यांतले बरेच जण कधीकाळी आखाड्यात उतरलेले असत, काही मात्र जन्मात लंगोट न बांधलेले. बघून बघून डोळा तयार झालेला. कोण जिंकला याची चर्चा फड मोडला की संपायची. तो पट का निघाला, याची चर्चा बैलगाडीतून गावापर्यंत यायची आणि रात्री ओट्यावर पुन्हा निघायची.

कबड्डीचंही तसंच. सात जण हात धरून उभे, चढाई करणारा आत आलेला, तीस सेकंद. टोकाचा गडी, म्हणजे कॉर्नर, मुद्दाम एक पाऊल मागे राहतो. चढाईवाल्याला वाटतं तिथं जागा आहे. तो आत शिरतो आणि कव्हरवाले साखळी बंद करतात. मावसभावाला फुटबॉलमधला सापळा एका नजरेत दिसला तो त्यामुळेच, असं आता मला वाटतं. त्याचं शरीर तो खेळ आधी खेळलेलं आहे. २०२४ च्या १ मार्चला पुणेरी पलटणनं हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून प्रो कबड्डीचं पहिलं विजेतेपद घेतलं. तेव्हा टपरीवरची हीच पोरं पलटणच्या बचावाबद्दल ज्या शब्दांत बोलत होती, ते शब्द फुटबॉलचे होते. ब्लॉक, लाइन, ट्रिगर. एका खेळातून दुसऱ्या खेळात नजर अशी सहज जा-ये करते.

भारतीय माणसाला डावपेचांचं फुटबॉल उशिरा, टीव्हीवरून कळलं, असं कुणी म्हणालं की मी १९६२ चं जकार्ता सांगतो. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे, पेशानं शिक्षक. भारतीय संघाचे प्रशिक्षक. आशियाई खेळांत जर्नेल सिंग या त्यांच्या भरवशाच्या बचावपटूच्या डोक्याला जखम झाली, टाके पडले. त्याला बाहेर बसवावं लागलं असतं. रहीमसाहेबांनी त्याला उपांत्य आणि अंतिम सामन्यात आघाडीला उभं केलं. बचाव करणारा धिप्पाड माणूस, डोक्याला टाके, आणि तो गोल करायला पुढे. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध प्रदीपकुमार बॅनर्जींनी पहिला गोल केला आणि दुसरा जर्नेल सिंगनं. भारत २-१ जिंकला. पुढच्याच वर्षी रहीमसाहेब गेले. आघाडीला कोण शोभेल याचं उत्तर सगळे आघाडीच्या खेळाडूंत शोधत असताना ते त्यांना मागच्या ओळीत सापडलं. मोकळा माणूस कधीकधी आपल्याच बाकावर बसलेला असतो.

कोल्हापूरला एकदा शाहू स्टेडियमवर सामना बघायचा योग आला. आपल्या महाराष्ट्रात फुटबॉल अंगात मुरलेलं गाव तेच. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. तालमींच्या नावाचे संघ, पेठांच्या नावाचा अभिमान. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालच्यांचा विश्वचषक झाला, त्यात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. माझ्या शेजारी एक वयस्क गृहस्थ बसले होते, कपाळाला भंडारा. त्यांनी सामना सुरू झाल्यापासून एका पोराकडे बोट दाखवून ठेवलं होतं. "त्याला डावा पाय न्हाई. तिकडंच ढकला म्हणावं, तिकडंच ढकला." आणि ते तसं ओरडतही होते. खाली मैदानाच्या कडेला उभ्या माणसानं एकदा मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. पुढच्या पाच मिनिटांत त्या पोराला डावीकडे ढकलायला सुरुवात झाली की नाही, हे मला नक्की सांगता येणार नाही. पण त्यांचा आवाज खाली पोचतो, याचा मला हेवा वाटला. तिथला खेळाडू गल्लीतला असतो. त्याची आई कोण, तो कुठल्या चक्कीवर दळण न्यायचा, हे बघणाऱ्याला ठाऊक असतं.

आमच्या पोरांचा आवाज कुठेच पोचत नाही. पुण्यात बालेवाडीला २०१४ ते २०१९ एफसी पुणे सिटी नावाचा संघ होता. बारामतीहून एसटीनं स्वारगेट, तिथून बालेवाडी, आणि रात्री परत, असा प्रवास टपरीवरच्या काहींनी केलेला आहे. २०१८ मध्ये तो संघ उपांत्य फेरीत गेला. बालेवाडीत बेंगळुरूला ०-० रोखलं आणि तिकडे जाऊन सुनील छेत्रीच्या तीन गोलांनी ३-१ हरला. त्या सामन्याबद्दल ते अजून बोलतात. संघ मात्र वर्षभरानं राहिला नाही, त्याची जागा हैदराबादच्या संघानं घेतली. मग उरला तो हजारो मैलांवरचा संघ. २००३-०४ मध्ये एकही सामना न हरता इंग्लंडची लीग जिंकलेला हा आर्सेनल २०२२-२३, २०२३-२४ आणि २०२४-२५ असा लागोपाठ तीन हंगाम दुसरा आला. त्यांचा प्रशिक्षक मिकेल आर्टेटा याला यांतलं एक अक्षरही ऐकू जाणार नाही, हे प्रत्येकाला माहीत. तरी त्याच्या जागी बसून ते रात्र-रात्र विचार करतात. डाव्या बॅकला आत आणायचं का, पुढच्यानं दाबायला कधी निघायचं, आघाडी एका गोलाची असताना मागे सरकायचं का.

हे कशासाठी, असं मी गणिताच्या सरांना विचारलं होतं. ते चटकन काही बोलले नाहीत. चहाचा ग्लास दोन बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, "हरल्यावर नुसतं वाईट वाटून घेतलं तर ते वाईट वाटणं तसंच राहतं हो. का हरलो ते कळलं, की मग त्या संघाबरोबर बसल्यासारखं वाटतं."

त्यावर मी बराच विचार केला. आपल्या माणसाचं काही बिघडलं की आपण हेच करत असतो. कुणाचा धंदा बसला, कुणाचं लग्न मोडलं, कुणाचं पीक गेलं, तर ओट्यावर बसून आपण ते पुन्हा पुन्हा उलगडतो. कुठून बिनसलं, तेव्हा काय करायला हवं होतं. ज्याचं बिघडलं त्याला याचा उपयोग होतोच असं नाही. पण ज्यांच्यावर आपला जीव नाही, त्यांच्या चुकांची उकल करायला आपण जागरण करत नाही. एखाद्याच्या अडचणीत आपलं डोकं घालून बसणं, तिच्या आत शिरून बघणं, ही माया आहे. ती लंडनपर्यंत पोचत नसेल. टपरीवर तरी ती सांडलेली असते, आणि तिथं बसणाऱ्या प्रत्येकाला थोडी मिळते. रात्रपाळी करून आलेल्या मुलाचं बोलणं कुणी तोडत नाही. मोबाइलच्या दुकानातला मुलगा एरवी गप्पगप्प असतो, पण कॉर्नरच्या वेळी कोण कुणाला अडवतं हे त्याच्याइतकं कुणालाच दिसत नाही, म्हणून त्या विषयावर सगळे त्याच्याकडे वळतात. प्रत्येकाची बघायची एक जागा ठरलेली आहे आणि बाकीच्यांना ती मान्य आहे.

एकट्यानं बघितलेला सामना आणि असा मिळून बघितलेला सामना यांत मला फरक जाणवतो. एकटा असताना माझी नजर अजूनही चेंडूमागेच जाते. सवय जुनी आहे. मिळून बघताना पाच-सहा जणांचे डोळे मैदान वाटून घेतात, आणि नंतर ज्याचं त्यानं बघितलेलं समोर मांडलं की मैदान पुरं होतं. तेव्हा कळतं, की ज्या क्षणी सगळं जग गोल करणाऱ्याला बघत होतं, त्या क्षणी दुसऱ्या टोकाला एक जण जीव खाऊन पळाला होता. त्याला चेंडू मिळणार नव्हता. आपल्याला मिळणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. पण तो पळाला म्हणून त्यांचे दोन बॅक त्याच्यामागे ओढले गेले आणि गोल करणाऱ्याला जागा झाली. गोलाच्या पाटीवर त्याचं नाव लागत नाही. टपरीवर मात्र लागतं, आणि ते लागलेलं ऐकताना मला फार बरं वाटतं. घराघरांत, शेताशेतांत अशी पळणारी माणसं आहेत. त्यांना बघायचं तर नजर चेंडूवरून काढता आली पाहिजे.

गेल्या काही महिन्यांपासून टपरीवर एक मुलगी येते. इंदापूरच्या बाजूच्या एका गावातून कॉलेजला येणारी, कॉलेजच्या मुलींच्या संघात कीपर असलेली. आधी ती मैत्रिणीबरोबर बाजूला उभी राहून ऐकायची. एक दिवस लांब किकवरून वाद चालला होता तेव्हा न राहवून म्हणाली, "दादा, तुम्ही तिथं उभं राहून बघा एकदा. मागून सगळं मैदान दिसतं. कुणालाच दिसत नाही एवढं कीपरला दिसतं." सगळे गप्प झाले. या सगळ्या चर्चेत जी जागा कुणी उभं राहून बघितली नव्हती, तिथून ती बोलत होती.

तिच्या संघात रीत अशी की चेंडू हातात आला की लांब मारायचा. मैदान खडकाळ, चेंडू टप्प्यावर कुठेही उडतो, गोलासमोर पास खेळणं म्हणजे आगीशी खेळ, असं तिथं सगळे म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. तिनं मात्र सरावात जवळचे पास द्यायला सुरुवात केली आहे. त्यातून गोलही खाल्ले आहेत. टपरीवर यावरून सरळ दोन तट पडले. पाळीवाले म्हणतात, मैदान बघून खेळावं, हट्ट करू नये. इंजिनिअरिंगवाला म्हणतो, आज गोल खाल्ले तर खाल्ले, पाय तयार होतील. मी दुसऱ्या बाजूचा आहे. पण सरांनी काढलेला मुद्दा दोन्ही तटांना पटला. कीपरला मोकळी पोरगी दिसली तरी त्या पोरीला आपण मोकळं व्हायचं असतं हे कळायला हवं, आणि बाकीच्या नऊजणींनी तिच्यासाठी जागा करायला हवी. एकटीला दिसून भागत नाही. मग त्या दहाजणींना हे दाखवायचं कुणी, कुठल्या मैदानावर, आणि त्या ऐकून घेतील का, यावर आता रोज बोलणं चाललंय.